कोल्हापूर: देवळाभोवतीच्या पेठा चालत बघायच्या तर कुठं, कधी, कशा?

बोळातला

दर शनिवार-रविवारी आमच्या भागात परगावच्या गाड्यांची रीघ लागते. लोक अंबाबाईचं दर्शन घेतात, भवानी मंडपात फोटो काढतात, चप्पल लाइनला एखादा जोड घेतात, तांबडा-पांढरा ओरपतात आणि संध्याकाळी हायवेला लागतात. देवीला यावंच, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण देवळापासून कुठल्याही दिशेला दहा मिनिटं चालत गेलं की जे गाव लागतं ते बघायचं राहूनच जातं आणि मला ह्याची फार हळहळ वाटते, कारण एवढ्याशा जागेत इतक्या तऱ्हेची माणसं, इतके धंदे आणि इतके देव एकमेकांना खेटून नांदतायत असं दुसरीकडं मी तरी फारसं बघितलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पेठ इमारतींच्या यादीनं बघू नका, कामाच्या वेळेनं बघा. कोण कधी उठतं, कुठं बसतं, काय विकतं, संध्याकाळी कुठल्या कट्ट्यावर टेकतं ह्यावरनं पेठ कळते. वाडे पडतायत, तिथं अपार्टमेंट उठतायत, पण कामाच्या वेळा बऱ्याचशा अजून त्याच आहेत.

सुरुवात गंगावेशीतनं करा, पहाटे. दूध कट्ट्यावर म्हशी आणून बांधलेल्या असतात, गवळी उकिडवा बसून गुडघ्यांत भांडं धरून धार काढत असतो आणि गिऱ्हाईक शेजारी उभं. धार जोरात बसली की फेस वर येतो, तो फेस जरा बसू देऊन पेला भरतात, पेला हाताला कोमट लागतो. उकळलेलं नाही, गाळणं नाही, पाणी तर नाहीच कारण म्हैस तुमच्यासमोर उभी आहे. तालमीतली पोरं जोर-बैठका मारून घाम पुसत येतात आणि उभ्याउभ्या पेला रिकामा करून जातात. त्यांच्या शेजारी ऑफिसला जाणारा माणूस, मॉर्निंग वॉकचे आजोबा, नातवाला घेऊन आलेली आजी. कुस्तीनं ह्या गावाला दिलेली ही सवय आहे, कुस्ती कमी झाली तरी सवय गेली नाही. संध्याकाळनंतरही कट्टा भरतो, पण पहाटेची मजा वेगळी.

तिथनं जवळच शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठ आहे, जैनांचा. आत आदिनाथांची २८ फुटी मूर्ती आहे, गल्लीतनं जाताना पत्ता लागत नाही आणि अंगणात पाऊल टाकलं की एकदम समोर उभी. मग पापाची तिकटी, तिथल्या कुंभारवाड्यात पावसाळा लागला की घराघरातनं गणपती आकार घेत असतात, ओट्यावर, जिन्यात, दारात, जिथं जागा मिळेल तिथं. मग महाद्वार रोड, मग गुजरी, म्हणजे सोन्याचा बाजार. आणि देवळापासून हाकेच्या अंतरावर बाबूजमाल दर्गा, त्याच्या दारावर गणपती कोरलाय तो मान वर करून बघा, बरेच लोक खाली बघत चप्पल काढतात आणि तसेच आत जातात.

आता हे सगळं माझ्या पायाखालचं. पण मला मंगळवार पेठेतलं, लक्ष्मीपुरीतलं, दसरा चौकातलं तेवढं माहीत नाही. ज्यांचं त्या त्या गल्लीत बालपण गेलंय त्यांनी लिहा की. कुणाला यायचं असेल त्यांनीही विचारा.

गुजरीतली

गुजरीचं नाव घेतलंस आणि एका ओळीत पुढं गेलास, हे काय बरोबर नाही भावा. आमच्या तीन पिढ्या तिथं गेल्या, मी लिहितो. (मी बाईच आहे, आमच्याकडं बायका अशाच बोलतात, परगावच्यांनी गोंधळू नये.)

कोल्हापुरी साज सगळ्यांना माहीत असतोय पण तो किती हातांतनं जातो ते बघा. साजाला २१ पानं. दशावताराची दहा, अष्टमंगलाची आठ, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचं. मालक दुकानदार सोनार असंल, मारवाडी असंल, गुजराती असंल. पत्रा ठशावर ठोकून पान उठवणारा कारागीर आज बहुतेक बंगाली. वरच्या मजल्यावर लहानशा खोलीत मांडी घालून चार-पाच जण बसलेले, समोर लाकडी पाट, फुंकणी, दिवा. ही पोरं पंधरा-सोळाव्या वर्षी आली, आता त्यांची पोरं आमच्या पोरांबरोबर शाळेत आहेत आणि शिव्यासुद्धा कोल्हापुरी देतात. पान झालं की आतनं लाख भरायची, म्हणजे पत्रा पातळ असला तरी पान दबत नाही आणि गळ्याला भरीव दिसतं. मग जवाचे मणी. आणि मग सगळ्यात शेवटी पटवेकरी, म्हणजे साज ओवणारा.

पटवेकरी कुणी बघतच नाही हो. दुकानाच्या पायरीवर किंवा ओट्यावर बसलेला असतो, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताणलेला आणि बोटं अशी चालतात की डोळ्यांना धरता येत नाहीत. एक पान, एक मणी, पीळ, गाठ. गाठ कुठं मारली ते सापडणार नाही. सोनं कितीही चोख असू दे, गाठवणं चुकलं तर साज गळ्यात सरळ बसत नाही, एका अंगाला फिरतो. माझ्या सासूबाईंचा साज लग्नानंतर किती वेळा ओवून घेतला असंल, पानं तीच, दोरा नवा.

आणि झारेकरी! भल्या पहाटे, दुकानं उघडायच्या आधी, हे लोक दुकानांसमोरची आणि गटारीच्या कडेची माती झाडून गोळा करतात, घमेल्यात पाण्यानं धुतात, धुतात, धुतात, आणि तळाला राहिलेल्या काळ्या रेतीत सोन्याचा कण सापडतो. कारागिराच्या कपड्याला, केसाला, पायाला चिकटून बाहेर आलेला कण. म्हणजे मारवाड्याचं दुकान, बंगाल्याचा हात, पटवेकऱ्याची गाठ आणि उरलेलं झारेकऱ्याचं पोट. गुजरी बघायची असली तर सकाळी लवकर बघा, अकरानंतर नुसती काचेची कपाटं दिसतील.

पुण्याहून_येणार

वा, दोघांनीही काय सुंदर लिहिलंय. आम्ही चौघं येतोय, मी, बायको, आई (वय ७०, गुडघे दुखतात) आणि आठवीतली मुलगी. दोन दिवस आहेत. देवीचं दर्शन तर आहेच. आईला फार चालवत नाही, मुलीला इतिहासाची आवड आहे. गाडी कुठं लावायची, कुठल्या वारी यावं, काय बघावं जरा नीट सांगाल का? आणि मुलीचा एक प्रश्न: शाहू महाराजांचं काय बघायला मिळेल, राजवाडा सोडून?

बोर्डिंगवाला

तुमच्या मुलीचा प्रश्न आवडला, तिला दसरा चौकात घेऊन या. मी खेड्यातनं शिकायला कोल्हापुरात आलो तो बोर्डिंगमुळंच (विद्यार्थ्यांचं वसतिगृह), म्हणून मला ह्या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

दसरा चौकात महाराजांचा पुतळा आहे तिथं उभं राहून नुसती मान फिरवायची. मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ, सगळं नजरेच्या टप्प्यात. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन, मग १९०६ ला मुस्लिम, १९०७ ला वीरशैव, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, पुढं दैवज्ञ, नामदेव शिंपी, ख्रिश्चन, असं करत करत जवळपास प्रत्येक जातीच्या पोराला शहरात टेकायला छप्पर झालं. लोक विचारतात की जातवार बोर्डिंगं कशाला, सगळ्यांना एकत्र का नाही ठेवलं? तर त्या काळी एका पंगतीला बसायला तयार नसलेली माणसं होती, आणि पोरगं शाळेपर्यंत पोचणं ही पहिली गरज होती. आधी एकत्र जेवा म्हणून अडून बसले असते तर खेड्यातलं पोरगं खेड्यातच राहिलं असतं. शिवाय नुसतं शिकवून भागत नाही, नोकरीत जागा पाहिजे म्हणून २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांना ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला. वय होतं २८.

आणि मुलीला एक गोष्ट नक्की सांगा, गंगाराम कांबळेंची. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेला माणूस, महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल घालून दिलं, नाव सत्यसुधारक. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे, आणि बरोबरच्या मोठमोठ्या मंडळींनाही प्यायला लावायचे. भर रस्त्यावर, दिवसाढवळ्या. तुम्ही शिवाजी चौकातनं महापालिकेकडं चालत जाल तो हाच रस्ता. एवढी मोठी गोष्ट आणि ती घडली एका कपाच्या निमित्तानं, त्यामुळं मला तो रस्ता राजवाड्यापेक्षा मोठा वाटतो.

तिथनं बिंदू चौक जवळ आहे. जुन्या तटबंदीचा बुरुज शाबूत आहे आणि चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे अर्धपुतळे. ते ९ डिसेंबर १९५० ला बसवले, माधवराव बागलांच्या पुढाकारानं. तारीख बघा, बाबासाहेब तेव्हा हयात होते. मुलीला तो दगड वाचू द्या.

पी_ढबाक

कुणी आषाढाचं लिहिलंच नाही अजून? मग मी लिहितो.

आषाढात मंगळवारी नाहीतर शुक्रवारी या. पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतनं ते पाणी कलशात भरून टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीला नेतात. डोक्यावर कलश, लिंबाचा पाला, हळदीकुंकू आणि पुढं पी-ढबाक. एक सनई, एक ढोल, दुसरं काही लागत नाही, ‘पी’ सनईची आणि ‘ढबाक’ ढोलाचं. माझं माहेर शिवाजी पेठेत, आम्ही लहानपणी आवाज आला की जेवण टाकून दारात. कुमारिकांच्या डोक्यावर कलश असतोय, मीसुद्धा नेलाय, मानेवरनं गार पाणी पाठीत उतरतंय आणि वरनं पाऊस. आता काही मंडळं मोठमोठे स्पीकर आणतात, मला ते अजिबात आवडत नाही, पी-ढबाकवाल्याला चार तास वाजवायचे पैसे द्या की, त्याचं पोट त्यावर आहे.

आणि सौंदत्तीची यल्लमा. कोल्हापुरातनं एसटी भरभरून लोक मार्गशीर्षात डोंगरावर जातात, आणि परत आले की ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा. आंबील, घुगऱ्या, भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर. देवी कर्नाटकातली, गाणी निम्मी कानडी, वाढणाऱ्या बायका मराठी, आणि आलेल्या कुणालाही जात न विचारता पानावर बसवतात. पुणेकर, तुमच्या आईंना हे फार आवडेल. बसूनच खायचं आहे, चालायचं काम नाही.

उत्तरेश्वर

सगळं वाचून बरं वाटलं. पण एक विचारतो, राग मानू नका. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलच्या स्टेटसवरनं ह्याच गावात बंद झाला, दगडफेक झाली, नेट बंद करावं लागलं. शाहूंचं गाव, शाहूंचं गाव म्हणताना ते दोन दिवस आपण बाजूला ठेवायचे का? परगावचा माणूस येतो तेव्हा त्याला नुसतं गोडगोड सांगणं मला पटत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय की पेठेत राहणाऱ्यांना आतनं काय वाटतं.

पंजेवाला

भावा, रास्त विचारलंस, राग कसला. मी बाबूजमालच्या बाजूला लहानाचा मोठा झालेला मुसलमान माणूस आहे आणि त्या दिवशी शटर ओढून घरात बसलो होतो, पोरांना बाहेर सोडलं नव्हतं. भीती वाटली हे खोटं सांगणार नाही. ज्या रस्त्यावरनं रोज जातो त्याच रस्त्याची भीती वाटणं फार वाईट.

पण पुढचंही सांगतो. पुढच्याच महिन्यात मोहरम आला. आमच्याकडं मोहरम म्हणजे नुसता मुसलमानांचा नाही, तालमीचा, आणि तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही, सगळ्या गल्लीचं मंडळ. कुदळ मारायची, मग पंजे (मोहरमची हाताच्या आकाराची निशाणं) बसवायचे, गलेफ, ऊद, फुलं, नारळ, आणि घरोघरी चोंगे. बाबूजमालचा नाल्या हैदर पंजा बघायला खत्तलरात्रीला, म्हणजे विसर्जनाच्या आदल्या रात्री, जी गर्दी होते त्यात हिंदू जास्त का मुसलमान जास्त हे सांगता येणार नाही. नवस बोलून फकीर झालेली पोरं असतात, त्यातली कितीतरी मराठ्यांची, माळ्यांची, कुंभारांची. त्या वर्षी मला धास्ती होती की ह्या वेळी कोण येतंय. वर्गणीची वही घेऊन गल्लीत फिरणारी पोरं दोन्हीकडची होती, दरवर्षीचीच. एका घरात वही घेतली नाही असं झालं नाही. पंजेभेटीला गर्दी तेवढीच.

२०१८, १९, २० अशी सलग तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले होते. शहरात कितीतरी तालमींत एका बाजूला गणपती आणि एका बाजूला पंजे, मांडव एकच, लायटिंगचं बिल एकच. कुरुंदवाडला तर मशिदीतच गणपती बसतो. २०२० ला कोरोनामुळं सगळं साधेपणानं झालं पण बसवलं. आरती आणि फातेहा ह्यांच्या वेळा आधीच्या रात्री बसून ठरवायच्या, त्यावरनं वाद होतो, मी स्वतः वाद घातलाय, पण तो वाद बसून घालायचा असतो आणि चहा पिऊन उठायचं असतं. मला वाटतं तालीम आहे म्हणून हे चाललंय. जिथं तालीम नाही, नव्या कॉलन्या झाल्या, तिथं शेजारच्याचं नावसुद्धा माहीत नसतंय, मग मोबाइलवर जे येईल ते खरं वाटायला लागतं. पेठेतल्या पोराला ज्याच्यावर दगड मारायचा त्याची आई माहीत असते.

उत्तरेश्वर

मनापासून लिहिलंत, आभार. तालमीचा मुद्दा मी असा विचारात घेतला नव्हता. आमच्याकडं पुरात मात्र हे बघितलंय. २०१९ ला पंचगंगेची पातळी ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे सगळं ओलांडून पाणी पेठांत शिरलं, आमचं घर खालनं भरलं. बाहेर काढायला आलेली पोरं पंचगंगेत पोहायला शिकलेलीच होती, कोण कुठल्या गल्लीचा कुणी विचारलं नाही. दसरा चौकात चित्रदुर्ग मठात आणि मुस्लिम बोर्डिंगमध्ये पूरग्रस्तांची सोय होती. मी तिथं जेवलोय.

कापशीवाला

चप्पल लाइनचं नाव पहिल्याच पोस्टमध्ये आलं म्हणून लिहितोय. आमचं घर सुभाषनगरात, धंदा पिढीजात.

चप्पल लाइनला जी दुकानं आहेत तिथं विकतात, करतात ते आम्ही इथं आणि आजूबाजूच्या गावांत. म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. तळाला थर बसवायचे, चामड्याच्या वादीनं शिवायचं, खिळा नाही. पुरुष कापतात, तळ ठोकतात, शिवतात. वरची बारीक वेणी मात्र बायकांच्या हातची, माझी आई दुपारची भांडी झाली की वेण्या घालायला बसायची, बोटांना चिरा. त्या वेणीचा दर तिला जो मिळायचा तो सांगायला मला अजून लाज वाटते, आणि तीच चप्पल दुकानात चौपट भावानं जायची. आता परिस्थिती थोडी बरी आहे, पण थोडीच.

२०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. काही लोकांना ते आवडलं नाही की कोल्हापुरीत कर्नाटक कशाला. पण कारागीर म्हणून सांगतो, अथणीकडचा आणि इकडचा माणूस एकच आहे, आमच्या सोयरिकी तिकडं आहेत, घरात निम्मी माणसं कानडी बोलतात. सीमा मागनं आली. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आमच्यासारखीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा इथं एवढा गदारोळ झाला की शेवटी ती प्रेरणा इथली असल्याचं त्यांना मान्य करावं लागलं. त्या आठवड्यात सगळ्यांना आमचा अभिमान वाटला. तो अभिमान दुकानात घासाघीस करताना पण ठेवा एवढीच विनंती आहे. घेताना तळ वाकवून बघा, शिलाई वादीची आहे का बघा. रेक्झिनची घेऊ नका. आणि वेळ असेल तर सुभाषनगरात या, कुणीही दाखवेल, काम चालू असताना बघायला कुणी नाही म्हणत नाही.

पाटाकडील_ते_पाटाकडीलच

फुटबॉल कुणीच लिहिला नाही. पेठ बघायची आणि शाहू स्टेडियमवर मॅच बघायची नाही म्हणजे काय. तालीम कुस्तीची, पण टीम फुटबॉलची. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. आणि टीममध्ये आफ्रिकेतले खेळाडू, पेठेत खोली घेऊन राहतात, मिसळ खातात, बारकी पोरं त्यांच्या मागं पळतात. सीझन असेल तेव्हा चारची मॅच गाठा. मी पक्षपाती आहे, नावावरनं कळलंच असंल.

देवल_क्लबच्या_मागं

दोन ओळी गाण्याबद्दल. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते आणि जयपूर-अत्रौली गायकी ह्या गावात राहून वाढली. केसरबाई, मोगूबाई ह्यांची तालीम खाँसाहेबांकडची. म्हणजे उत्तरेतनं आलेला गवई, कोकण-गोव्याकडच्या शिष्या आणि कोल्हापूरचा आश्रय. आजही देवल क्लबच्या, म्हणजे इथल्या जुन्या गायन संस्थेच्या, बैठकीला गेलात तर पुढं सतरंजीवर गुळाचा व्यापारी, शिक्षक, रिक्षावाला असे सगळे दाद देताना दिसतील. खासबागला कुस्तीचं मैदान (१९१२ चं) आणि त्याला पाठ लावून नाट्यगृह, कुस्ती आणि गाणं एकाच आवारात. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं मी बघितली, त्यात नाटक न बघणारेही होते.

वळिवडे_रोड

पेठांच्या बाहेरचं आहे, पण विविधतेचं चाललंय म्हणून. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या सुमारे ५००० निर्वासितांना वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला, १९४३ ते ४८. ते गेले आणि फाळणीनंतर तिथं सिंधी आले, तेच आजचं गांधीनगर, कापडाचा एवढा मोठा बाजार. महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, इतिहासाची आवड असलेल्या मुलीला दाखवाच. लहानपण इथं गेलेले पोलिश म्हातारे-म्हाताऱ्या २०१९ मध्ये परत आले होते.

पुण्याहून_येणार

बाप रे, एवढं सगळं दोन दिवसांत कसं बसवायचं! मुलीनं वहीत लिहून घेतलंय, चहाच्या हॉटेलची गोष्ट तिनं आजीला दोनदा वाचून दाखवली. कापशीवाले, आम्ही सुभाषनगरला नक्की येतो.

बोळातला

सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलं, फार बरं वाटलं. पटवेकऱ्याकडं मी रोज जाता-येता बघतो पण पायाच्या अंगठ्याचं आता नीट थांबून बघणार.

पुणेकर, तुमच्यासाठी: शुक्रवारी दुपारपर्यंत पोचा. गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा आणि विसरून जा, आतल्या गल्ल्यांत गाडी घालू नका, तुमचाही खोळंबा आणि आमचाही. शुक्रवारी रात्री देवीची पालखी निघते, ती बघून मग जेवा, दर्शनाची गर्दीही दिवसापेक्षा कमी असते. आईंना देवळाच्या आवारात बसायला भरपूर जागा आहे. शनिवारी पहाटे तुम्ही आणि मुलगी गंगावेस, शुक्रवार पेठ, पापाची तिकटी असं चालत या, आई आणि वहिनी रिक्षानं थेट गुजरीच्या तोंडाशी येऊ देत. नाश्ता मिसळ, मग आईंना खोलीवर विश्रांती. अकरानंतर तुम्ही तिघं भाऊसिंगजी रोड, बिंदू चौक. चारनंतर सगळे मिळून रिक्षानं दसरा चौक, तिथं आईंना उतरायचीही गरज नाही, रिक्षावाल्याला चौकाला एक फेरी मारायला सांगा. रविवारी सुभाषनगर, आणि निघायच्या आधी लक्ष्मीपुरीचा बाजार, तो रविवारीच भरतो. गूळ, मिरची, मसाला तिथनं घ्या, देवळासमोरनं नको.

आणि जमलं तर पुढच्या वेळी ९ ते ११ नोव्हेंबरला या. किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, आधी देवीच्या पायावर, मग वर सरकतात. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीलाही असतो. महाद्वार रोडवरच्या इमारती वाढत गेल्या तशी किरणांची वाट अडते म्हणून दरवर्षी मोजणी होते, अडथळे काढायला लागतात. त्या संध्याकाळी ढग आहेत का हे बघायला सगळी पेठ गच्चीवर असते.

गुजरीतली

वहिनींना सांगा, ठुशी किंवा साज ओवायचा असेल तर बरोबर घेऊन या. सकाळी दिला की दुपारपर्यंत मिळतो. मी ओळखीच्या पटवेकऱ्याकडं घेऊन जातो, समोर बसून ओवून घेऊ.